क्रूझवर रात्रीच्या जेवणाला काय घालायचं? इंदूरहून निघणाऱ्यांसाठी

क्रूझचं बुकिंग झालं की आमच्या इंदूरच्या मराठी घरांत पहिला प्रश्न येतो, कांदा-लसूण नसलेलं मिळेल का. दुसरा येतो कपड्यांचा. पहिल्याचं उत्तर ट्रॅव्हल एजंटला पाठ असतं. दुसऱ्यावर तो ‘स्मार्ट कॅज्युअल सर, एखादा ब्लेझर ठेवून घ्या’ एवढं बोलून फोन ठेवतो. मग नात्यातल्या ग्रुपवर कुणीतरी टक्सिडो घातलेल्या गोऱ्या आजोबांचा फोटो टाकतं आणि घरात धांदल उडते. ऐन लग्नसराईत टेलरकडे सूट टाकला जातो, सूनबाईंच्या गाऊनसाठी पलासियाचा बाजार पालथा घातला जातो.

यातलं बहुतेक काही करावं लागत नाही. मुंबईहून निघणारी छोटी सफर आणि सिंगापूरहून निघणारी मोठी, अशा दोन्ही करून आल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: आपल्या कपाटात जे आहे त्यात क्रूझचं रात्रीचं जेवण निभतं, आणि झकास निभतं. माणसं अडतात ती भलत्याच गोष्टींवर. बॅग केबिनमध्ये उशिरा पोचते, इस्त्री दारातच काढून घेतात, हॉलमध्ये हुडहुडी भरते, सँडल दगा देतात. त्यामुळे इथे कपड्यांइतकंच या भानगडींबद्दलही लिहिलं आहे.

१. आधी कंपनीचं पान उघडा, कपाट नंतर

प्रत्येक क्रूझ कंपनीचा हिशेब वेगळा असतो. ‘क्रूझवर असं चालतं’ म्हणून कुणी सांगितलं तर आधी विचारा, कुठल्या कंपनीच्या. कंपनीच्या वेबसाइटवर ड्रेस कोड किंवा काय काय बरोबर आणावं याचं पान असतं, ते स्वतः वाचा. ढोबळ अंदाज यावा म्हणून थोडं सांगतो.

कार्निव्हलवर दोनच प्रकार आहेत, ‘क्रूझ कॅज्युअल’ आणि ‘क्रूझ एलिगंट’. २ ते ५ दिवसांच्या सफरीत एलिगंटची एक संध्याकाळ असते, ६ दिवस किंवा त्याहून मोठ्या सफरीत दोन. त्या संध्याकाळी पुरुषांना चांगली पँट आणि फॉर्मल शर्ट पुरतो, कोट तुमच्या मर्जीवर. प्रिन्सेसवर ‘फॉर्मल’ आणि ‘स्मार्ट कॅज्युअल’ अशी वाटणी आहे आणि आठवड्याच्या सफरीत साधारण दोन रात्री फॉर्मल असतात. रॉयल कॅरिबियनवर कुठल्या रात्री काय हे त्यांच्या अ‍ॅपमध्ये दिवसवार दिसतं. नॉर्वेजियनने फॉर्मल रात्रीची सक्ती ठेवलेलीच नाही, ज्याला नटायचं त्याने नटावं. व्हर्जिनच्या जहाजांवर सूटबूट कुणी विचारत नाही, पण एका रात्री सगळं जहाज लाल कपड्यांत असतं. तेव्हा लाल काहीतरी हवं.

सगळ्यांत कडक म्हणजे क्यूनार्ड. क्वीन मेरी २ वगैरे त्यांचीच जहाजं. तिथे संध्याकाळी ६ नंतर जहाजाच्या बहुतेक भागांत नीट कपड्यांतच वावरायचं असतं आणि गाला, म्हणजे खास समारंभाच्या, रात्री पुरुषांनी टक्सिडो किंवा गडद सूट घालावा अशी अपेक्षा असते. पण तिथेही औपचारिक राष्ट्रीय पोशाख चालतो. हे नीट लक्षात ठेवा, पुढे चौथ्या पायरीला कामी येणार आहे.

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या कॉर्डेलियाच्या एम्प्रेसवर एवढा बडेजाव नाही. नीटनेटके कपडे असले की झालं. (हे जहाज १९९० मध्ये नॉर्डिक एम्प्रेस या नावाने रॉयल कॅरिबियनकडे पाण्यात उतरलं होतं. जेवणाच्या हॉलचा जुना थाट बघितलात की ते वय कळतं.)

सापळा: यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ. कंपन्या या नियमांत मधूनमधून बदल करतात, नावंसुद्धा बदलतात. निघण्याच्या महिनाभर आधी ते पान पुन्हा उघडा, वाचा आणि मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. भर समुद्रात वायफायचे पैसे पडतात.

२. जेवायला नेमकं कुठे जाणार ते ठरवा

नव्या माणसाला वाटतं की फॉर्मल रात्र म्हणजे त्या दिवशी सूट घातल्याशिवाय पोटात अन्न जाणार नाही. तसं नसतं. क्यूनार्डसारखा एखादा अपवाद सोडला तर ड्रेस कोड मुख्यतः एकाच हॉलपुरता असतो, तो म्हणजे मेन डायनिंग रूम. तिथे टेबल ठरलेलं असतं, वेटर येऊन मेनू देतो आणि एकेक पदार्थ क्रमाने येतो.

वरच्या डेकवर बफे असतो. तिथे फॉर्मल रात्रीसुद्धा टी-शर्ट चालतो. फक्त ओल्या पोहण्याच्या कपड्यांत किंवा अनवाणी जाऊ नका. केबिनमध्ये मागवून खायचं असेल तर प्रश्नच मिटला. जादा पैसे देऊन जी खास रेस्टॉरंट असतात त्यांचे नियम त्यांच्यापुरते असतात. बऱ्याच ठिकाणी पुरुषांना पूर्ण पँट लागते.

म्हणजे कुणाला नटायचा कंटाळा असेल तर त्याने बफेला जावं, त्यात कमीपणा काही नाही. तरी निदान एक फॉर्मल रात्र चुकवू नका. कॅप्टन आणि त्याचे अधिकारी पांढऱ्या गणवेशात खाली येतात, वाद्यवृंद असतो, जिन्यावर फोटोग्राफर उभे असतात आणि अख्खं जहाज एकमेकांना न्याहाळत असतं. (फोटो काढणं फुकट, पण प्रत घ्यायची तर पैसे पडतात आणि ते थोडेथोडके नसतात.) त्या रात्रीच्या खास मेनूवर मांसाहाराचा भर असतो, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी मेनूकडे बघून हुरळून जायचं कारण नाही. आदल्या रात्रीच हेड वेटरला सांगून ठेवलं तर मोठ्या जहाजांवर वरण-भातासारखं काहीतरी, किमान डाळ-भाजी तरी, बहुधा करून देतात.

३. रोजच्या रात्रींचे कपडे

सातपैकी पाच रात्री तुम्हाला स्मार्ट कॅज्युअलमध्ये काढायच्या आहेत, म्हणून खरी तयारी त्याची करा. त्याचा सोपा अंदाज असा: आपल्या ‘सानंद’ संस्थेच्या नाटकाला तुम्ही जे घालून जाता ते. घरातले कपडे नाहीत, लग्नातलेही नाहीत. नाटकाला जाताना आरशासमोर जेवढा वेळ घालवता तेवढाच इथेही घालवा.

पुरुषांनी कॉलरचा शर्ट आणि पँट घालावी. बिनफाटकी गडद जीन्सही बहुतेक ठिकाणी खपते. सुती झब्बा आणि खाली सरळ पँट हे तर उत्तम, घामही येत नाही. बायकांनी कुर्ती-पँट, सलवार-कमीज, साधी साडी, लांब स्कर्ट, जे अंगवळणी आहे ते घालावं.

नको ते एवढंच: हाफ पँट, बाह्यांशिवायचे बनियनवजा टी-शर्ट, पोहण्याचे कपडे, उन्हाळी टोप्या, रबरी स्लिपर. हाफ पँटबद्दल कंपन्यांमध्ये थोडंफार मागेपुढे आहे, पण तुम्ही त्या वादात पडू नका, पूर्ण पँट घाला. हॉलच्या दारात कुणी भांडत नाही. कर्मचारी फक्त हसून ‘सर, बफे वरच्या डेकवर आहे’ असं सांगतात, आणि सगळं कुटुंब आत बसलेलं असताना आपण एकट्याने लिफ्टकडे परत जायचं म्हणजे जिवावर येतं.

तेच कपडे पुन्हा घालायला काहीही हरकत नाही. तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याला तुमचा सोमवारचा कुर्ता गुरुवारी आठवणार नाही.

४. फॉर्मल रात्र: इथे आपल्या बाजूला पुष्कळ काही आहे

ही रात्र बहुतेक वेळा जहाज कुठल्याही बंदराला लागणार नसतं त्या दिवशी ठेवतात, म्हणजे सगळ्यांना आवरायला सवड मिळते.

पुरुषांसाठी माझा सल्ला एकच आहे. सूट आधीपासून असेल आणि अंगाला होत असेल तर न्या. नसेल तर फक्त या रात्रीसाठी शिवू नका, बंदगळा शिवा. काळा किंवा गडद निळा जोधपुरी कोट आणि त्याच रंगाची पँट कुठल्याही फॉर्मल रात्री सूटच्या बरोबरीने चालते, टाय बांधायची कटकट नाही, आणि परत आल्यावर पुढच्या सगळ्या लग्नांत तो कामाला येतो. सूटाचं भाग्य आपल्याकडे एवढं नसतं. कापड तुकोजीराव क्लॉथ मार्केटात बघा, पण टेलरकडे निदान दोन महिने आधी टाका. लग्नसराईत तो ‘परवा नक्की’ म्हणेल आणि तुमची गाडी सुटेल.

शेरवानी मात्र नको. जरीची, मोत्याची, भाड्याने आणलेली तर मुळीच नको. तिच्यात माणूस नवरदेव दिसतो आणि मग आख्ख्या जहाजावर अनोळखी लोक अभिनंदन करत सुटतात. चांगला रेशमी झब्बा, त्यावर नेहरू जॅकेट आणि खाली चुडीदार किंवा पँट हेही पुरेसं औपचारिक दिसतं. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर याला कुणी हरकत घेताना मी पाहिलेलं नाही. क्यूनार्डवर जाणार असाल तर बंदगळाच न्या, उगाच शंकेला जागा नको. पगडीवरही बंदी नाही, पण होळकरशाही पगडी घालून लिफ्टमध्ये शिरायचं असेल तर प्रत्येक मजल्यावर फोटो द्यायची तयारी ठेवा.

बायकांना तर ही रात्र म्हणजे पर्वणीच. गाऊनच्या नादी लागू नका. चापूनचोपून नेसलेली रेशमी साडी गाऊनच्या तोडीस तोड औपचारिक समजली जाते. माझ्या डोळ्यांदेखत एका विदेशी बाईंनी माझ्या बायकोच्या माहेश्वरीच्या काठाला हात लावून ‘हे कुठे मिळतं’ म्हणून विचारलं. महेश्वर, अहिल्याबाई, नर्मदेच्या लाटांचा काठ, सगळं सांगून होईपर्यंत सूप निवलं.

पण कुठली साडी, हा प्रश्न नीट सोडवायला हवा.

माहेश्वरी सगळ्यांत सोयीची. रेशीम आणि सूत मिळून विणलेली, वजनाला हलकी, थोडक्यात घडी होते आणि हॉलच्या झगमगाटात उठून दिसते. काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो ती तर प्रवासात दुप्पट उपयोगाची. राजवाड्याच्या आसपासच्या दुकानांत मिळतेच, पण हातमागाची खात्री हवी असेल तर मृगनयनी या सरकारी एम्पोरियममध्ये बघा.

चंदेरी दिसायला फार गोड, पण पारदर्शक आणि नाजूक. हॉलमधल्या गारठ्यात तिचा काही उपयोग नाही, आणि जेवताना आमटीचा थेंब पडला तर त्या रात्रीचा सगळा आनंद त्या डागात जातो.

पैठणी आणि भरजरी बनारसी घरी राहू द्या असं मी म्हणेन. त्या जड असतात आणि बॅगेत जागा खातात. शिवाय खऱ्या जरीला दमट खारी हवा मानवत नाही, ती काळवंडते. मुलाच्या लग्नातली पैठणी समुद्रावर नेऊन पुन्हा तिला पॉलिश करायला द्यायचं, यात शहाणपण कसलं? न्यायचीच असेल तर मलमलच्या कापडात गुंडाळून न्या, एकदा नेसा, लगेच पुन्हा बांधून ठेवा आणि रात्री ती नेसून उघड्या डेकवर जाऊ नका.

जॉर्जेट किंवा क्रेप नेणाऱ्या बायका खऱ्या हुशार. चुरगळत नाही, घडी मोडत नाही, इस्त्री लागत नाही. वर ब्लाउज भारी घातला की काम फत्ते.

हल्ली ब्युटी पार्लरमध्ये साडीच्या निऱ्या आणि पदर आधीच घालून, पिना लावून, चौकोनी घडी करून देतात. केबिनमधला आरसा आणि मोकळी जागा दोन्ही एवढीशी असतात की दोघींना एकाच वेळी साडी नेसणं म्हणजे सर्कस. निघण्यापूर्वी ही घडी करून घ्यायला पैसे गेले तर जाऊ द्या.

दागिने खोटे न्या. आणायचेच असतील खरे, तर केबिनमध्ये छोटा लॉकर असतो, त्यात ठेवा. परदेशी जहाजावर जाताना जास्त सोनं बरोबर असेल तर भारतातून निघतानाच कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्यावं, नाहीतर परत येताना ते सोनं इथलंच आहे हे पटवत बसावं लागतं. त्यापेक्षा सराफ्यातल्या ओळखीच्या दुकानातून चांगलं एक ग्रॅमवालं घेऊन जाणं बरं.

५. पायात काय, अंगावर काय

हे लोक शेवटी ठरवतात, म्हणून वेगळं लिहितो.

जहाज रात्री हलतं. आधुनिक जहाजांना स्थिर ठेवणारी यंत्रणा असते, त्यामुळे टेबलावरचा ग्लास सरकत नाही, पण चालताना पाय किंचित चुकतो. पेन्सिल हील नकोच. डेकच्या लाकडी फळ्यांच्या फटीत ती अडकते आणि काही दारांना खाली उंच उंबरा असतो, त्याला ठेच लागते. रुंद टाचेचे सँडल किंवा सपाट मोजडी घाला. पुरुषांनी बंद बूट न्यावेत. उघड्या सँडल आणि चपला मुख्य हॉलमध्ये बऱ्याच कंपन्या पुरुषांना चालवून घेत नाहीत. कोल्हापुरी झब्ब्याखाली शोभते खरी, पण ओल्या डेकवर तिचं कातडं घसरतं.

आणि शाल. जेवणाच्या हॉलमध्ये एसी असा चालतो की पहिला पदार्थ येईपर्यंत आजी हात बगलेत घालून बसतात. इंदूरच्या जानेवारीत घेतो ती पातळ गरम शाल प्रत्येकीकडे हवीच. जेवण झाल्यावर वरच्या डेकवर चक्कर मारायला गेलात तर वाऱ्यावर पदर उडतो तोही हिने दबतो. खांद्याला एक जादा पिन लावा.

६. बॅग भरताना

विमानाने जाणार असाल तर देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलो सामान आणि हातात ७ किलो एवढीच मुभा असते. मुंबईच्या जहाजासाठी मी आगगाडीच सुचवेन. अवंतिका एक्सप्रेसने रात्रभरात मुंबई सेंट्रल, आणि थर्ड एसीला ४० किलो, सेकंड एसीला ५० किलोपर्यंत सामान विनामूल्य नेता येतं. अर्थात ते सगळं बंदरावर आणि जिन्यावरून आपल्यालाच ओढायचं आहे, हेही मनात ठेवा.

इस्त्री नेऊ नका. आगीच्या भीतीने जवळजवळ सगळ्या जहाजांवर इस्त्रीला बंदी आहे, आणि कपड्यांच्या वाफेच्या यंत्रालाही बहुतेकांवर. आमच्या गटातल्या एका काकूंची इवलीशी प्रवासी इस्त्री बॅगेच्या तपासणीत सापडली. बॅग अडकून राहिली, ती सोडवायला खाली जावं लागलं, आणि इस्त्री हातात आली ती उतरण्याच्या दिवशी. उदबत्ती, निरांजन, मेणबत्तीलाही तोच न्याय. काही जहाजांवर स्वतः कपडे धुण्याची खोली असते, तिथे इस्त्री मिळते. नसेल तिथे पैसे देऊन करून घेता येते. फॉर्मल दिवशी त्यांच्याकडे गर्दी असते, तेव्हा एक दिवस आधी द्या.

साडीची सुरकुती घालवायचा जुना उपाय इथेही चालतो. बाथरूममध्ये हँगरला टांगा, गरम पाणी सोडून दार लावा, पाच-दहा मिनिटांनी हाताने ताणा. फक्त फवारा साडीवर येणार नाही हे पाहा, कारण बाथरूम फारच छोटं असतं.

बरोबर ठेवायच्या वस्तू:

– चुंबकाचे हुक. केबिनच्या भिंती बहुतेक जहाजांवर धातूच्या असतात, त्यावर हे घट्ट बसतात. कपाट चिमुकलं असतं, तेव्हा कोट आणि साड्या टांगायला याच्यासारखं काही नाही.
– सेफ्टी पिनांची डबी, सुई-दोरा, एखादं जादा हुक आणि बटण.
– परकर, ज्याच्या त्याच्या ब्लाउजला पिनेने अडकवून ठेवलेले, म्हणजे हरवणार नाहीत. माझ्या पाहण्यात साडीबरोबर सगळ्यांत जास्त विसरली जाणारी वस्तू परकरच.
– बुटांबरोबर गडद मोजे. पांढरे स्पोर्ट्सचे मोजे बंदगळ्याखाली फोटोत फक्त तेवढेच दिसतात.
– एक पांढरा आणि एक रंगीत कपडा. पुष्कळ जहाजांवर एखाद्या रात्री पांढऱ्या कपड्यांची पार्टी असते. पांढरा झब्बा घरी असतोच.
– डाग काढायची पुडी किंवा साबणाचा छोटा तुकडा.

कागदपत्रं वेगळी. ड्रेस कोडचं उतरवलेलं पान, जेवणाची वेळ लिहिलेला बुकिंगचा ईमेल, शाकाहारी किंवा जैन जेवणाची नोंद झाल्याचा पुरावा, आणि मुख्य म्हणजे पासपोर्ट किंवा ओळखपत्र. हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगेत पासपोर्ट ठेवून ती बंदरावर हमालाच्या हवाली करणारे लोक असतात. त्यांची तारांबळ बघवत नाही.

७. चढण्याच्या दिवशी: पहिली रात्र

बंदरावर मोठ्या बॅगा तुमच्याकडून काढून घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी आणून ठेवतात. कधी? दुपारी, संध्याकाळी, कधी कधी तुमच्या जेवणाच्या वेळेनंतरही. हजारो बॅगा असतात, कुणाला दोष देऊन उपयोग नाही. म्हणूनच पहिली रात्र जवळजवळ सगळीकडे साध्या कपड्यांची असते. तरी आगगाडीतून उतरलेल्या चुरगळल्या कपड्यांतच जेवायला बसायचं नसेल, तर हातातल्या पिशवीत प्रत्येकाचा एक नीट जोड, औषधं, चष्मा आणि मुलांचे पोहण्याचे कपडे ठेवा. पोरं चढल्या चढल्या तलावाकडेच पळतात.

केबिनमध्ये गेल्यावर पहिलं काम: सगळे भारी कपडे बाहेर काढून टांगा. दुसऱ्याच दिवशी फॉर्मल रात्र असली तरी घड्या सुटायला तेवढा वेळ पुरतो. दुसरं काम: रोज संध्याकाळी केबिनमध्ये येणारा दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रमाचा कागद, किंवा अ‍ॅप, बघायची सवय लावा. ‘आजचा पोशाख’ त्यात छापलेला असतो. वेबसाइट काहीही म्हणो, शेवटचा शब्द त्या कागदाचा.

८. जेवणाची वेळ आणि इंदुरी पोट

मुख्य हॉलमध्ये सहसा दोन पंगती असतात. पहिली संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला, दुसरी आठ-साडेआठला. काही कंपन्या हव्या त्या वेळी या असंही म्हणतात. आमच्या शहरात दुकानं बंद झाल्यावर सराफा खाण्यासाठी उघडतो, त्यामुळे साडेपाचला जेवण म्हणजे आम्हाला दुपारचा चहाच. शक्य असेल तर बुकिंग करतानाच दुसरी पंगत मागा. कपड्यांच्या दृष्टीनेही ती बरी, बंदरावर फिरून, घामाघूम होऊन आल्यावर अंघोळ करून आवरायला वेळ मिळतो. पहिली पंगत मिळाली तर त्या दिवशीचं शहरदर्शन आखताना कपडे बदलायचा एक तास धरून ठेवा.

बरोबर लहान मुलं असतील तर मात्र पहिलीच घ्या.

९. लहान मुलं आणि आजी-आजोबा

मुलांवर कुणी डोळे वटारत नाही. मुलाला सुती झब्बा-लेंगा, मुलीला परकर-पोलकं किंवा साधा फ्रॉक, एवढ्याने फॉर्मल रात्र पार पडते. सगळ्या आयांना मुलांना ब्लेझर चढवायची हौस असते. सूप संपेपर्यंत तो खुर्चीच्या पाठीवर असतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आजोबांना धोतर-कोटाची सवय असेल तर तेच नेसू द्या. पांढरंशुभ्र धोतर, बंद गळ्याचा कोट आणि बूट यापेक्षा औपचारिक काय असतं? आजींची नऊवारी असेल तर ती तर सगळ्या हॉलमध्ये उठून दिसते, आणि काष्ट्यामुळे जिना चढायला पाचवारीपेक्षा सोपी. त्यांच्या चपलांना मात्र मागे पट्टा हवा. आणि त्यांचं टेबल एसीच्या झोताखाली येत असेल तर पहिल्याच रात्री वेटरला सांगून बदलून घ्या, तोच वेटर आणि तेच टेबल बहुतेक वेळा शेवटपर्यंत असतं.

१०. शेवटची रात्र

शेवटची रात्रही साध्या कपड्यांची, कारण त्या रात्री मोठ्या बॅगा भरून, पट्ट्या लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. रात्री त्या उचलून नेतात आणि दुसऱ्या दिवशी बंदरावर मिळतात. क्रूझच्या लोकांत हमखास सांगितला जाणारा किस्सा इथलाच: एखादा शिस्तीचा माणूस सगळं आवरून बॅग बाहेर ठेवतो, झोपतो, आणि सकाळी उठून बघतो तर अंगातल्या रात्रीच्या कपड्यांशिवाय केबिनमध्ये काहीच नाही.

तेव्हा जेवायला जाण्यापूर्वीच दुसऱ्या दिवशीचे कपडे, आतले कपडे आणि बूट पलंगावर काढून ठेवा. बॅग बंद करण्याआधी प्रत्येकाने आपापला ढीग मोजावा. जेवताना घातलेले कपडे परत आल्यावर हातातल्या पिशवीत जातील एवढी जागा तिच्यात ठेवा. भिंतीवरचे चुंबकाचे हुक काढायला विसरू नका, ते पांढऱ्या भिंतीवर दिसत नाहीत.